वखारीला जागा कुठे द्यावी?

विजयदुर्गाच्या अलीकडच्या सड्यावर तुम्ही उभे आहात. साल १७५६, फेब्रुवारीची १२ तारीख, उन्हं कललेली. सड्यावरचे काजू मोहरलेत, पण मोहराचा वास येत नाही. हवेत सगळा जळक्या डांबराचा आणि तोफांच्या दारूचा दर्प. डोळे पुसा आणि खाली बघा. किल्ल्याच्या आडोशाला आंग्र्यांच्या गुराबा आणि गलबतं दोरखंडांनी एकमेकांना बांधून ठेवली होती. थोड्या वेळापूर्वी इंग्रजांचा एक कुलपी गोळा त्यांतल्या एका जहाजावर पडला. ते जहाजही मूळचं इंग्रजांचंच, आंग्र्यांनी कधीतरी धरून आणलेलं. त्यानं पेट घेतला, ठिणग्या शेजारच्या गुराबेवर गेल्या, तिथून पुढच्या. आता एकेक डोलकाठी होळीतल्या एरंडासारखी उभी जळते आहे. कान्होजी आंग्र्यांच्या काळापासून ज्यांच्या दस्तकाशिवाय कोकणच्या किनाऱ्यानं गलबत हाकारायची कुणाची छाती नव्हती, ते आरमार रात्रीपर्यंत राख होणार आहे.

आणि तुमच्याभोवती सगळे खुशीत आहेत. ही छावणी इंग्रजांची नाही, पेशव्यांची आहे. रामाजी महादेव, कोकणचे सरसुभेदार, जमिनीच्या बाजूनं किल्ला दाबून बसलेत. समुद्राच्या बाजूनं ॲडमिरल वॉटसन आहे. त्याच्याबरोबर फौज घेऊन एक तिशीचा अधिकारी आलाय, रॉबर्ट क्लाइव्ह. हे नाव ऐकून तुमच्या पोटात खड्डा पडतो. छावणीत दुसऱ्या कुणाच्या पडत नाही.

इथवर कसे आलात ते विचारू नका, मासिकाच्या पानावर एवढी सूट असते. तुम्हाला १७५७ ठाऊक आहे, १८०२ ठाऊक आहे, १८१८ तर पाठच आहे. आणि नेमकं त्यामुळेच या छावणीत तुमच्याइतका निरुपयोगी माणूस दुसरा नाही. आत्ता कळेल ते.

एका राहुटीच्या दारात मांडीवर दप्तर घेऊन एक कारकून बसलाय. न राहवून तुम्ही त्याला म्हणता, "अहो, हे आपलंच आरमार जळतंय."

तो मान वर करतो. "आपलं? तुळाजीचं म्हणा."

मग तो समजावून सांगतो, लहान मुलाला सांगावं तसं. तुळाजी आंग्रे सरकारचा हुकूम जुमानत नाही. आपल्याच मुलखाला उपद्रव देतो. भाऊबंदांशी त्याचं पटत नाही. असा माणूस पदरी ठेवून करायचं काय? आणि इंग्रजांचं म्हणाल तर सगळा मामला लेखी आहे. "मागल्या साली सुवर्णदुर्ग त्यांनी घेतला आणि बोलल्याप्रमाणे आमच्या हवाली केला. आता हे फसवतील असं आपण म्हणता ते कशावरून?"

कशावरून? तुमच्या तोंडाशी उत्तर येतं आणि तिथंच अडकतं. पुढे काय झालं ते मी वाचलंय म्हणून, हा काही पुरावा नव्हे. पुरावा कारकुनाकडे आहे, तोही ताजा, एका वर्षाचा, खरा. सुवर्णदुर्ग इंग्रजांनी १७५५ साली जिंकला आणि कराराबरहुकूम मराठ्यांना दिला, यात खोट काढायला जागा नाही. कारकून इतिहासावरूनच बोलतोय. फक्त त्याचा इतिहास वर्षभराचा आहे.

त्याला उत्तर द्यायचं तर ते आजपर्यंतच्या कागदांतूनच द्यायला हवं, उद्याच्या नव्हे. तेव्हा मागे चला.

पन्हाळगड, १७१५. थंडीचे दिवस. साठी ओलांडलेला एक माणूस भिंतीला टेकून मजकूर सांगतोय आणि समोरचा लेखक बोरूनं मोडी ओढतोय. पान भरलं की लेखक ओल्या शाईवर बारीक वाळू भुरभुरतो, कागद तिरपा करून झटकतो आणि पुढच्या पानाला हात घालतो. वाळूचा तो चरचर आवाज सोडला तर खोलीत दुसरा आवाज नाही. सांगणाऱ्याला अडखळावं लागत नाही. हे सगळं त्याच्या मनात कित्येक वर्षं मुरलेलं आहे.

रामचंद्र नीलकंठ, अमात्य. १६७४ साली रायगडावर राज्याभिषेक झाला तेव्हा अष्टप्रधानांत हा तरुण उभा होता. संभाजी महाराज गेले, रायगड पडला, राजाराम महाराजांना जिंजी गाठावी लागली, तेव्हा महाराष्ट्राचा कारभार 'हुकूमतपन्हा' म्हणून याच्याच हवाली होता. औरंगजेब इथं येऊन इथंच मेला, तेही यानं पाहिलं. आता तो कोल्हापूरच्या संभाजी छत्रपतींसाठी राज्य कसं चालवावं ते लिहून ठेवतोय. याच कागदांना पुढे आज्ञापत्र म्हणतात.

त्यातला झाडांचा मजकूर तुमच्या कानावरून गेला असेल. आरमाराला लाकूड हवं, पण रयतेच्या आंब्या-फणसाला तिच्या राजीखुशीवाचून हात लावू नये. पर्यावरणावरच्या भाषणांत तो हटकून येतो, टाळ्याही पडतात. टोपीकरांबद्दलचा मजकूर मात्र भाषणांत येत नाही. आज तुम्ही तोच ऐकायला आला आहात, तेव्हा लेखकाच्या पाठीमागे बसा आणि कान द्या.

फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस हे व्यापार करतात खरे, असं अमात्य सांगताहेत, पण इतर सावकारांसारखे हे सावकार नव्हेत. यांच्यातल्या प्रत्येकाच्या पाठीशी एकेक राजा आहे आणि त्याच्या हुकमानं हे इथं आलेत. यांना मुलूख हवा असतो. हाती आलेली जागा हे जीव गेला तरी सोडत नाहीत. यांचं बळ जहाजांत, तोफांत आणि दारूगोळ्यात. म्हणून यांना समुद्रकाठी, खाडीच्या मुखाशी वखारीला जागा देऊच नये. द्यायचीच झाली तर समुद्रापासून कित्येक कोस आत, एखाद्या मोठ्या गावालगत, सखल जागी द्यावी, म्हणजे गावाचा वचक राहील. पक्की इमारत बांधू देऊ नये. एवढ्यावर राहिले तर राहू द्यावं, नाहीतर त्यांची गरज नाही.

१७१५ साली हे लिहिलं जातंय, हे पुन्हा एकदा मनाशी घ्या. या वर्षी इंग्रजांकडे हिंदुस्थानात काही वखारी, दोन-चार कोट आणि मुंबईचं बेट एवढंच आहे. दिल्लीचा बादशहा फर्रुखसियर याच्या दरबारी त्यांचे वकील आर्जवं करीत बसलेत. पुढची शंभर वर्षं कुणाची, यावर पैज लावायची झाली असती तर शहाण्या माणसानं इंग्रजांवर दिडकी लावली नसती.

मग अमात्यांना हे कशावरून कळलं? लंडन-लिस्बनला त्यांचा कुणी वकील नाही. पण ते बसलेत त्याच गडाच्या तटावर या, ५५ वर्षं मागे.

१६६०. सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला वेढा घातलाय आणि शिवाजी महाराज आत आहेत. समोरच्या तोफांत एक तोफ वेगळी आहे आणि तिच्याजवळ निशाण फडकतंय ते आदिलशाहीचं नाही, इंग्रजांचं. राजापूरच्या वखारीचा प्रमुख हेन्री रेव्हिंग्टन कुलपी गोळे घेऊन थेट इथवर आलाय. व्यापारी माणूस, पण गोळे स्वतः डागून दाखवतोय, निशाण लावून. महाराज गडावरून निसटले आणि पुढच्याच वर्षी राजापूरवर उतरले. वखार खणून काढली, रेव्हिंग्टनला आणि त्याच्या माणसांना कैदेत टाकलं.

गोष्ट इथं संपली असती तर फारसं काही नव्हतं. अमात्यांनी लक्षात ठेवला असणार तो पुढचा भाग. सुटका झाल्यावर या व्यापाऱ्यांनी राजापूरच्या नुकसानीची भरपाई मागायला सुरुवात केली आणि ती दहा-बारा वर्षं मागतच राहिले. माणसं बदलली, मुंबई-सुरतेचे गव्हर्नर बदलले, मागणी तीच. शेवटी १६७४ साली राज्याभिषेकाच्या सुमारास हेन्री ऑक्झिंडेन नजराणा घेऊन रायगडावर आला तेव्हा तहात १०,००० होनांची भरपाई लिहून घेऊनच उठला. आपल्याकडचा सावकार लुटला गेला तर देवाला दोष देऊन बसतो, पोराच्या काळापर्यंत फार तर हळहळतो. इथं माणूस मेला तरी खातं उघडंच राहतं. रायगडाच्या त्या समारंभात तरुण रामचंद्रपंतही होते.

माझ्या मते अमात्यांचं सगळं भाकीत या उघड्या राहिलेल्या खात्यात आहे. तोफा काय, सिद्दीकडेही होत्या. जहाजं अरबांकडेही होती. पण ज्याची मागणी मालकाच्या मरणानं मरत नाही, तो व्यापारी निराळा. त्यातच गोव्याचं उदाहरण डोळ्यांसमोर: १५१० साली आलेले फिरंगी दोनशे वर्षं हलले नव्हते. मुंबईचं बेट पोर्तुगालच्या राजकन्येच्या लग्नात इंग्लंडच्या राजाला मिळालं आणि त्यानं १६६८ साली ते वर्षाला १० पौंड भाड्यानं कंपनीला दिलं. राजा आणि दुकानदार यांच्यातला हा भाडेकरार ज्यानं पाहिला, त्याला 'पाठीशी राजा आहे' हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

दिवाळी अंकातल्या राशिभविष्यावर आपण हसतो, आणि तिसरं महायुद्ध कधी होणार हे टीव्हीवर छातीठोक सांगणाऱ्याचं मात्र तासभर ऐकतो. अमात्यांच्या मजकुरात तारीख नाही, कोण कुणाला कधी हरवेल हेही नाही. या माणसाच्या मागे कोण उभा आहे, घेतलेलं तो परत करतो का, आणि बांधतोय कुठे नि कशाचं, एवढंच ते पाहतात. आज श्रीलंकेनं हंबनटोटा बंदर २०१७ साली चिनी कंपनीला ९९ वर्षांच्या करारानं दिल्याची बातमी वाचताना मला पन्हाळ्यावरची वाळूची चरचर ऐकू येते, हे कबूल करतो.

पण इथं पाय घसरतो, म्हणून एक वळसा घालू. लंडन, १९५६. तुम्ही जळतं आरमार पाहिलंत त्याला बरोबर २०० वर्षं झालीत. जुलैत इजिप्तच्या नासेर यांनी सुएझ कालव्याचं राष्ट्रीयीकरण केलंय आणि पंतप्रधान अँथनी ईडन यांना नासेरांमध्ये मुसोलिनी दिसतोय. ईडन हे इतिहासाचे अडाणी नव्हेत. १९३८ साली हुकूमशहांपुढे नमायला नको म्हणून परराष्ट्रमंत्रिपद सोडलेला हा माणूस. तेव्हा ते बरोबर ठरले होते, आणि त्याच बरोबर ठरण्यानं आता त्यांचा घात केला. फ्रान्स आणि इस्रायलला घेऊन त्यांनी कालव्यावर स्वारी केली, अमेरिकेनं पौंडाचा गळा आवळला, काही आठवड्यांत फौजा परत फिरल्या आणि जानेवारीत ईडन यांनी राजीनामा दिला. इजिप्त म्हणजे इटली नव्हती आणि १९५६ चं ब्रिटन १९३८ चं उरलं नव्हतं. ही दुसरी गोष्ट त्यांना दिसायला हवी होती. जुना दाखला काढताना समोरच्याचा चेहरा आपण ताडून पाहतो, आपला स्वतःचा पाहत नाही.

अमात्यांनी तरी पाहिला होता का? पन्हाळ्यावर परत या, कागद अजून ओलाच आहे.

राज्याचे १७१५ साली दोन तुकडे झालेत. साताऱ्याला शाहू छत्रपती, इकडे कोल्हापूरची गादी. आरमाराचा धनी कान्होजी आंग्रे आदल्याच वर्षी बाळाजी विश्वनाथांनी बोलणी करून साताऱ्याच्या बाजूला वळवून नेलाय. ज्याच्या पदरी आरमार त्याचा समुद्र, असं अमात्य बजावताहेत, तेव्हा त्यांच्या पदरी ते उरलेलं नाही. आणि हे लिहिलं जातंय कोल्हापूरच्या छत्रपतींसाठी. पुढली शंभर वर्षं इंग्रजांशी गाठ पडणार ती पुण्याच्या पेशव्यांची, म्हणजे साताऱ्याच्या प्रधानांची. इशारा एका घरात आणि संकट दुसऱ्या घरात. भाऊबंदकीचा हा नमुना जगात फक्त आपल्याकडेच सापडतो असा माझा दावा नाही, पण आपल्याकडे तो फार घोटून केलेला आहे.

आता कारकुनाला उत्तर द्यायला विजयदुर्गावर परत चला.

१३ फेब्रुवारी. रात्रीत क्लाइव्हची फौज किनाऱ्यावर उतरली आणि किल्ला आणि मराठ्यांची छावणी यांच्या मधोमध बसली. किल्ला पेशव्यांना द्यायचा तर मधे बसायचं कारण काय, असं कारकुनाला विचारून बघा. त्यालाही ते आवडलेलं नाही. तुळाजी आधीच पेशव्यांच्या छावणीत येऊन बसलाय, उरलेलं आयुष्य तो कैदेत काढणार आहे. संध्याकाळपर्यंत किल्ल्यानं शरणागती पत्करली आणि बुरुजावर निशाण चढलं ते इंग्रजांचं. आतला सुमारे १० लाख रुपयांचा ऐवज इंग्रजांनी आपसात वाटून घेतला. मराठ्यांच्या वाट्याला काही नाही.

कारकुनाचं तोंड उतरलंय, पण तो अजून हरलेला नाही. वाटाघाटी होतील, म्हणतो. झाल्याही. ऑक्टोबरात तह झाला, विजयदुर्ग पेशव्यांना मिळाला, त्याबदल्यात इंग्रजांनी बाणकोट आणि काही गावं ठेवून घेतली. बाणकोट कुठे आहे? सावित्रीच्या खाडीच्या मुखाशी.

याच विजयदुर्गावर इंग्रज १७१८ साली चालून आले होते आणि १७२० सालीही. दोन्ही वेळा हात हलवत परतले. वलंदेजांनी १७२४ साली करून पाहिलं, त्यांचंही तेच झालं. एकट्यानं जे चाळीस वर्षांत जमलं नाही ते पेशव्यांनी जमिनीवरून वेढा दिल्यावर दोन दिवसांत जमलं. कारकुनाच्या 'कशावरून'ला हे उत्तर १७५६ साली, पुढचं काहीही ठाऊक नसताना देता आलं असतं. तो ऐकून घेईल, मान डोलवील आणि विचारील, "पण मग तुळाजीचं काय करायचं होतं?" या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. नानासाहेब पेशव्यांना शिव्या देणं सोपं आहे. उंबऱ्यावरचा शत्रू आणि क्षितिजावरचा शत्रू यांत माणूस उंबऱ्यावरचा निवडतो. बहुतेक वेळा त्याचं चुकतही नाही, म्हणून तर सवय लागते.

निघण्यापूर्वी खाडीतल्या त्या मोठ्या जहाजाकडे नीट बघून ठेवा. ते वॉटसनचं निशाणाचं जहाज, 'केंट'. त्याच्या कडेला तोफांच्या खिडक्यांची रांग आहे, एकेका खिडकीभोवती धुराची काजळी चढलीय, आणि दोन खलाशी बादल्यांनी ती धुताहेत. पुढे त्यांना मद्रासकडे जायचं आहे. १७५७ च्या जानेवारीत याच ताफ्याच्या जोरावर कलकत्ता परत घेतलं जाईल, मार्चमध्ये हीच 'केंट' चंद्रनगरवर तोफा डागील आणि जूनच्या २३ तारखेला क्लाइव्ह प्लासीला उभा असेल. विजयदुर्ग ते प्लासी, १६ महिने. बंगालचा वसूल एकदा कंपनीच्या हाती गेल्यावर मुंबईच्या इंग्रजांचा पराभव करून भागण्यासारखं राहिलं नाही.

हे पुण्यात कळलं नव्हतं असं नाही. जानेवारी १७७९ मध्ये तळेगाव-वडगावच्या माळावर उतरलात तर विजयाचा जल्लोष दिसेल. राघोबादादांना गादीवर बसवायला मुंबईहून निघालेली इंग्रज फौज महादजी शिंद्यांनी कोंडली. गावं ओस, चारा जाळलेला, पाणी नासवलेलं. इंग्रजांनी तहावर सही केली. पण त्याच दिवसांत कर्नल गॉडर्ड बंगालची फौज घेऊन मध्य हिंदुस्थान पायी ओलांडत होता आणि फेब्रुवारीच्या अखेरीस तो सुरतेला पोचला. वडगावचा तह कंपनीनं झिडकारला. नाना फडणीसांनी याचा अर्थ अचूक ओळखला. १७८० साली हैदर, निजाम, नागपूरकर भोसले आणि पेशवे यांना एकत्र आणून चारी बाजूंनी इंग्रजांवर घालायचा डाव त्यांनी मांडला. इंग्रजांविरुद्ध त्या शतकात यापेक्षा मोठा विचार कुणी केल्याचं मला दिसत नाही. पण निजामाला कंपनीनं गुंटूर परत देऊन गप्प केलं आणि नागपूरकरांना पैसे देऊन. आणि दहा वर्षांनी, १७९० साली, त्याच नानांनी टिपूविरुद्ध इंग्रजांशी करार केला. टिपू उंबऱ्यावर होता.

मधल्या काळात एक किरकोळ गोष्ट घडली. १७८६ साली चार्ल्स मॅलेट कंपनीचा वकील म्हणून पुण्यात आला आणि त्याला मुळा-मुठेच्या संगमावर राहायला जागा मिळाली. अमात्यांचा कागद काढा आणि ताडून बघा. समुद्रापासून कित्येक कोस आत, मधे सह्याद्री. मोठ्या शहराला लागून. नदीकाठची, सखल. वखारीला जागा कुठे द्यावी, या प्रश्नाचं अमात्यांनी दिलेलं उत्तर अक्षरशः पाळलं गेलं होतं, कुणी ते वाचलेलं असो वा नसो. आणि घात तिथूनच झाला. गलबतांना संगमावर येता येत नव्हतं, पण सरदारांच्या चिठ्ठ्यांना येत होतं, पगारी बातमीदारांना येत होतं आणि खजिन्याच्या शब्दाला तर कुठलीच नदी आडवी येत नव्हती. अमात्यांचा प्रश्न शंभर वर्षं टिकला, त्याचं उत्तर सत्तर वर्षांत शिळं झालं. त्यात अमात्यांचा दोष नाही. त्यांनी तोफेचा पल्ला मोजला होता, कर्जाचा नव्हे.

शेवटचा मुक्काम वसई, ३१ डिसेंबर १८०२. बाहेर समुद्राचा गार वारा आहे आणि किल्ल्यात दिवे लागलेत. हा किल्ला चिमाजीआप्पांनी १७३९ साली फिरंग्यांकडून घेतला. तटाखाली सुरुंग लावले, माणसं शेकड्यांनी पडली. एका टोपीकराला मराठ्यांनी समोरासमोर लढून किनाऱ्यावरून उठवलं ते इथं. चिमाजीआप्पांचा चुलतनातू, थोरल्या बाजीरावांचा नातू, दुसरा बाजीराव, आता तिथंच बसलाय. दोन महिन्यांपूर्वी हडपसरला यशवंतराव होळकरांनी त्याचा पराभव केला. यशवंतरावांचा भाऊ विठोजी याला बाजीरावानं हत्तीच्या पायी दिलं होतं, तेव्हा होळकर पुण्यात आहेत तोवर त्याला झोप लागणं शक्य नाही. कोकणातून पळत पळत तो इंग्रजांच्या जहाजातून वसईला पोचलाय. समोर कर्नल बॅरी क्लोज, मधे कागद.

कागदात काय आहे ते तुम्ही वाकून वाचा. कंपनीच्या सहा पलटणी पेशव्यांच्या मुलखात कायम राहतील. त्यांच्या खर्चाला २६ लाखांचा मुलूख तोडून द्यायचा. इंग्रजांच्या शत्रूंपैकी कुणी युरोपियन नोकरीत ठेवायचा नाही. दुसऱ्या राज्यांशी लढाई किंवा बोलणी कंपनीला विचारल्याशिवाय करायची नाही.

इथं तुम्हाला बोलायची मुभा आहे. सगळं सांगा: खडकी, शनिवारवाडा, बिठूर, सालिना ८ लाखांचा तनखा. बाजीराव काही मूर्ख नव्हे, त्याला यातलं निम्मं तुमच्याआधी ठाऊक आहे. तो तुमच्याकडे बघतो, मग खिडकीतून पुण्याच्या दिशेला बघतो आणि कलमदान पुढे ओढतो.

पुढचं भराभर बघून घ्या. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली तेव्हा संगमावरचा रेसिडेंट एल्फिन्स्टनचा बंगला मराठ्यांनी जाळला, त्याची पुस्तकं आणि कागदपत्रं त्यात गेली. बारा दिवसांनी शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण लागलं. पुढच्या वर्षी जूनमध्ये बाजीराव इंग्रज सेनानी माल्कमच्या स्वाधीन झाला.

परतीच्या वाटेवर पुन्हा एकदा पन्हाळ्यावर उतरा, आजच्या. वाहनतळाजवळ कणसं भाजताहेत, सहलीची मुलं तटावर फोटो काढताहेत. गाइड बाजीप्रभू दाखवतो, अंबरखाना दाखवतो, तीन दरवाजा दाखवतो. त्याला रामचंद्रपंत अमात्यांची समाधी विचारा. ती गडावरच आहे, शेजारी त्यांच्या पत्नीची. १९४१ पर्यंत ती मातीच्या ढिगाखाली होती.